आमच्या घरचं अग्निप्रदीपन

घर घेताना आपण काय काय बघतो! शाळा कुठली, स्टेशन किती लांब, इंडियन ग्रोसरी जवळ आहे का. बॉयलर मात्र कुणी बघत नाही. रेडिंगला २००५ साली आम्ही घर घेतलं तेव्हा मीही बघितला नव्हता. बटण दाबलं की घर गरम होतं, एवढं ज्ञान मला पुरेसं होतं.

डिसेंबर २०१० ची थंडी इथल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. शंभर वर्षांतला सर्वांत गार डिसेंबर म्हणून त्याची नोंद झाली. आमची लेक तेव्हा महिन्याची होती आणि तिच्यासाठी आई-अण्णा सांगलीहून आले होते.

अण्णा रात्री स्वेटर, मफलर, कानटोपी अशा सगळ्या जामानिम्यात झोपायचे. मी म्हणायचो, "अण्णा, भारतातून आलं की सुरुवातीला थंडी वाजतेच. होईल सवय." ते नुसते "बरं" म्हणायचे. दोन आठवड्यांनी आईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "अरे, त्यांना रात्रभर झोप नाही. तुझं बिल वाढेल म्हणून बोलत नाहीत."

मी तडक वर गेलो आणि त्यांच्या खोलीतल्या रेडिएटरवर हात ठेवला. "गरम तर आहे!" अण्णांनी माझा हात धरून खाली नेला. खालचा भाग बर्फासारखा.

"वर गार असेल तर हवा अडकलेली असते. खाली गार म्हणजे गाळ. यातलं पाणी कधी बदललंस?"

"पाणी बदलायचं असतं?" मी विचारलं. आपल्या इंजिनिअर मुलाकडे ते बघतच राहिले.

अण्णांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये गेली. त्या नोकरीवर मी शिकलो, सॉफ्टवेअरवाला झालो, विलायतेत आलो. पण तिथे ते नक्की काय करतात, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या रात्री विचारलं. बॉयलरचं पाणी कसं तपासायचं, तळाचा गाळ ब्लो-डाउन करून कसा बाहेर काढायचा, हे ते बारापर्यंत सांगत होते. आमच्या घरात तेच पाणी वर्षानुवर्षं फिरत होतं. लोखंडी रेडिएटर आतून गंजतात, त्याची बारीक काळी पूड पाण्यात मिसळते आणि तळाशी बसते.

रविवारी हीटिंग बंद करून, रेडिएटर गार झाल्यावर आम्ही बापलेक कामाला लागलो. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद केले. कोणता किती फेरे फिरवला, हे अण्णांनी कागदावर लिहून ठेवायला लावलं. खाली परात ठेवून नट सैल केला, तर काजळ कालवल्यासारखं पाणी! अण्णांनी फ्रीजवरचा मॅग्नेट आणून त्यात बुडवला. काळी पूड त्याला चिकटून वर आली. बाहेरचा नळ गोठलेला, म्हणून स्वयंपाकघराच्या नळाला पाइप लावून रेडिएटर बागेत धुतला. पांढऱ्या बर्फावर काळा ओहोळ! बायकोने खिडकीतून फक्त कपाळावर हात मारला.

बॉयलरचं झाकण मात्र अण्णांनी मला उघडू दिलं नाही. "ज्याच्याकडे सर्टिफिकेट, त्यानेच हात लावायचा." मग गॅस सेफ नोंदणी असलेला माणूस बोलावला. त्याने सगळी पाइपलाइन धुतली, गंज रोखणारं इनहिबिटर पाण्यात घातलं आणि गाळ पकडणारा चुंबकाचा फिल्टर बसवला. खिसा बराच हलका झाला. पण त्या रात्री अण्णा कानटोपी काढून झोपले.

अण्णा २०१७ साली गेले. गळीत हंगामाआधी, दसऱ्याच्या सुमारास त्यांच्या कारखान्यात बॉयलरचं अग्निप्रदीपन व्हायचं. आमच्याकडेही आता दसऱ्याला तेच होतं. त्याआधी बॉयलरची सर्व्हिस झालेली असते आणि त्या माणसाने फिल्टरही साफ केलेला असतो. मग लेक चावी घेऊन एकेका रेडिएटरमधली हवा काढते. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की लगेच बंद. मी प्रेशर बघतो. गार असताना एक ते दीड बार. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास, म्हणून त्याच्या अलार्मचं बटण दाबून तो वाजतोय ना, हेही बघतो. शेवटी बॉयलरला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आणि लेकच बटण दाबते.

मग प्रत्येक खोलीत जाऊन मी रेडिएटरला हात लावून बघतो. आधी वर, मग खाली. आणि यंदा कुणाचे आई-वडील हिवाळ्यात येणार असतील, तर मंडळी, त्यांच्या खोलीतला रेडिएटर आधी बघा. "थंडी वाजते का?" असं विचारून उपयोग नाही. ते "नाही" म्हणणार.