लोह्यातली उधारी

केंद्राच्या सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप मला मिळाली, तेव्हा ती महिना १० हजार रुपयांची होती, मुदत दोन वर्षं. विषय माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतली वाघ्या-मुरळींची गाणी. विद्यापीठात नोकरी नसलेल्यालाही असा अर्ज करता येतो, हे मला आमच्या मराठीच्या सरांनी सांगितलं. जाहिरातीचं कात्रण हातात ठेवून म्हणाले, "खंडोबावर ढेऱ्यांनी लिहिलं, सोंथायमर जर्मनीहून येऊन लिहून गेले. माळेगाव तर आपल्याच तालुक्यातलं. आता तू लिही." आराखड्याचा कच्चा खर्डा त्यांनी लाल शाईनं असा तपासला, की तो अर्धा त्यांचाच झाला.

फेलोशिप महिन्याची म्हणायची, पण पैसे सहामाही हप्त्यांनी. अहवाल गेल्यावर पुढचा हप्ता. सरकारी पैशाचा हिशेब हवाच, त्याबद्दल तक्रार नाही. पण घर महिन्याच्या महिन्याला चालवावं लागतं. ते चाललं लोह्यातल्या एका किराणा दुकानदार काकांमुळे. त्यांच्या वहीत माझ्या पानावर नावाच्या जागी 'खंडोबा' लिहिलेलं असे. तेल, साखर, साबण आणि रेकॉर्डरचे सेल, सगळं त्याच पानावर. पैसे कधी देता, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. उलट "यंदा नवं गाणं गावलं का?" एवढंच विचारायचे.

बाबासाहेबांना १९१३ साली कोलंबियाला जाण्यासाठी सयाजीराव गायकवाडांनी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. १९२० साली अपुरा अभ्यास पुरा करायला ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा शाहू महाराजांनी हात दिला आणि नवल भथेना या मित्रानं पाच हजार रुपये उसने दिले. त्यांच्या शेजारी आपलं नाव घेणंसुद्धा बरं दिसत नाही. तरी काकांच्या दुकानाची पायरी उतरताना मला भथेना आठवायचे.

सर्वांत मोठं देणं मात्र मुरळी मावशींचं. मार्गशीर्षातल्या थंडीत, दवानं दिमडीचं कातडं सैल पडलं की त्या ती शेकोटीवर धरत, बोटानं टिचकी मारून आवाज पारखत आणि मगच गायला बसत. मी फेलोशिप म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे आयकायचे पैशे तुला सरकार देतंय? बरं झालं माय, कुणीतरी देतंय." आणि भाकरी वाढली. गाण्यांत कोणत्या गावचा मानकरी कुठे येतो, कोणतं कडवं फक्त लंगर तोडताना म्हणायचं, हे मला कोणत्याही पुस्तकात सापडलं नसतं.

कलेच्या अभ्यासाला पैसा देणाऱ्यांनी गाणाऱ्यांचं मानधन फेलोशिपच्या रकमेतच वेगळं धरावं, असं माझं ठाम म्हणणं आहे. अभ्यासकानं आपल्या खिशातून, जमेल तेव्हा, लाजत-काजत द्यावं हे गाणाऱ्याच्या विद्येला शोभत नाही.

काकांचं पान शेवटच्या हप्त्यातून चुकतं झालं. छापील अहवाल घेऊन मी मावशींकडे गेलो, गाणी वाचून दाखवली. एका गाण्याशी त्यांनी थांबवलं. पुढची दोन कडवी, गाणं टिपलं त्या रात्री, पहाट झाल्यामुळे राहून गेली होती, ती त्यांनी तिथंच म्हटली. गाण्यांचं पुस्तक करतोय, त्यात ती मावशींच्या नावानं छापणार आहे.