कामाचे सात दिवस

१६ जून २०२५, सोमवार
शाळा सुरू झाल्या. बाणेरला क्रिप्टो एक्स्चेंजच्या ऑफिसात पोचायला सव्वा तास. स्क्रीनवर एकशे बारा अलर्ट. त्यातले शंभर फोल असणार. कुठले शंभर, तेवढंच शोधायचं.

१७ जून, मंगळवार
नवा मुलगा विचारतो, "मॅडम, यूएसडीटीचा भाव हलतच नाही, मग अलर्ट कसला?"
डॉलरला बांधलेलं नाणं. हलत नाही म्हणूनच. ज्याला नफा हवा तो बिटकॉइन घेऊन बसून राहतो. ज्याला पैसा नुसता इथून तिथं न्यायचाय, त्याला चढउतार नको असतात. सांगलीला बँकेत होते तेव्हा हेच काम हजाराच्या नोटा करायच्या.
आयकरवाल्यांना मात्र सगळी नाणी सारखीच. हलणाऱ्यावर तीस टक्के, न हलणाऱ्यावरही तीस.

१८ जून, बुधवार
एक पत्ता सारखा समोर येतोय. ट्रॉन ब्लॉकचेनवरचा, चौतीस अक्षरांचा. नांदेड, जालना, पुणे. तीन ग्राहक, तिघांचे डॉलर शेवटी तिथेच. पैसे कुणाकडे चाललेत हे, रक्कम कितीही असो, विचारावंच लागतं. तिघांनीही लिहून दिलंय: स्वतःचं वॉलेट.
एकच वॉलेट तिघांचं स्वतःचं.

१९ जून, गुरुवार
नांदेड आणि जालना एकाच हँडसेटवरून लॉगिन करतात. पुण्याचा फोन वेगळा.
तिघांची चाल एक. खात्यात रक्कम येते, पन्नास हजारांच्या जरा आत. नवव्या मिनिटाला यूएसडीटी. अकराव्या मिनिटाला बाहेर. भाव न बघता घेतात. बँकेच्या डॉलरपेक्षा काही रुपये जास्त मोजून. घासाघीस न करणारं गिऱ्हाईक बघितलं की मला आधीपासून भीती वाटते.
नावं या वहीत लिहायची नाहीत.

२० जून, शुक्रवार
पालख्या पुण्यात. रस्ते बंद. स्वयंपाकाच्या मावशींनी आज-उद्या सुट्टी घेतली, भवानी पेठेत दर्शनाला जाणार. पोळ्या मी केल्या. मुलगी म्हणाली, नकाशे.

२३ जून, सोमवार
पुण्याच्या पोराचा केवायसी व्हिडिओ काढून बघितला. पांढरा टी-शर्ट, मागे निळी भिंत. निम्म्या पुण्यातल्या खोल्यांना हाच निळा असतो. व्यवसाय, विद्यार्थी. उत्पन्न विचारल्यावर डावीकडे बघतो, मग सांगतो. पत्त्याच्या वेळी पुन्हा डावीकडे.
चारदा बघितला. स्वतःचा पत्ता सांगायला कुणी डावीकडे बघतं का?

२४ जून, मंगळवार
शंका पक्की. फाइलवर तारीख घातली, सही केली. इथून सात कामाचे दिवस, तेवढ्यात अहवाल जायला हवा. ३ जुलै.
धंदा बघणारे साहेब म्हणाले, "शंका आल्यापासून मोजत नाहीत ना? पक्की झाल्यापासून ना? मग जरा सावकाश पक्की करायची." हसले. मीही हसले. नंतर राग आला.

२५ जून, बुधवार
तिन्ही खात्यांचं विथड्रॉवल थांबवलं. दुपारी ग्राहकसेवेतून फोन, गिऱ्हाईक ओरडतंय, काय सांगू?
तपासणी सुरू आहे, एवढंच सांग.
कसली विचारलं तर?
तपासणी सुरू आहे.

२६ जून, गुरुवार
मावशी खुशीत. त्यांच्या पोराला, सोन्याला, काम लागलं.
"काम काय बी नाय ताई. नुसतं खातं वापराया दिलंय. म्हैन्याला पाच हजार."
कुणाला?
"हाईत कुणी. मोबाइलवरले."
आमटी उतू गेली. त्यांनी गॅस बारीक केला.

रात्री. झोप नाही. मावशी आठ वर्षं येतात. घराची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांचं आडनाव मला माहीत नाही. सोन्याचं खरं नाव माहीत नाही. त्याला बघितलंही नाही कधी, खालून हॉर्न वाजतो तेवढाच. मावशींच्या नावाने कधी काही लिहायची वेळच आली नाही, पैसे रोख देते.
विचारलं तर उद्या सकाळी कळेल. मग मला ते माहीत असेल.

२७ जून, शुक्रवार
विचारलं नाही. एवढंच म्हटलं, "मावशी, खातं कुणाला वापरायला देऊ नये. बँकासुद्धा सांगतात." त्या हो म्हणाल्या. ऐकल्यासारखं वाटलं नाही.
आता हा धाक. अहवाल पाठवतोय हे ज्याच्याबद्दल आहे त्याला कळता कामा नये. कुठल्याही वाटेने. मी कामातलं अवाक्षर बोलले नाही. बँकांचे एसएमएस रोज हेच बजावतात. सोन्या म्हणजे व्हिडिओतला पोरगा नसेलच. पुण्यात अशी पोरं थोडी आहेत?
नक्की काय म्हटलं मी? "बँकासुद्धा." 'सुद्धा' कशाला?

३० जून, सोमवार
मसुदा. नव्या मुलाने लिहिलं होतं, "ग्राहक संशयास्पद आहे." खोडलं. संशय व्यवहारावर घ्यायचा, माणसावर नाही. काय दिसलं, कधी दिसलं, साधारण कमाईशी ते का जुळत नाही. बाकी ज्यांना अहवाल जातो ते दिल्लीवाले बघतील. २५ तारखेनंतर पुण्याच्या खात्यातून दोनदा पैसे काढायचा प्रयत्न झाला, तोही टाकायचा. न झालेला व्यवहारसुद्धा कळवावा लागतो.
"डावीकडे बघतो" हे लिहावं की नाही यावर अर्धा तास गेला. लिहिलं.

२ जुलै, बुधवार
रेंगाळतेय. अहवाल तयार आहे. पाठवत नाहीये.

३ जुलै, गुरुवार
सायंकाळी ६:४०. पाठवला. पोच क्रमांक आला. झालं.
बँकेत होते तेव्हापासून पाठवतेय. पुढे काय झालं हे एकदाही कळलं नाही. विहिरीत दगड टाकला तर निदान आवाज येतो.
पाच वर्षं कागद जपायचे.

६ जुलै, रविवार
आषाढी. साबुदाणा. आईचा सांगलीहून फोन. "तुझं ते क्रिप्टोचं म्हणजे जुगारच ना गं?" जुगारावर नजर ठेवायचं काम आहे म्हटलं. "म्हणजे पोलीस?" नाही. "मग?"

७ जुलै, सोमवार
टीडीएस भरायची तारीख. एक टक्का.

८ जुलै, मंगळवार
धंदेवाले साहेब पुन्हा. तीन गिऱ्हाइकांपायी महिन्याची उलाढाल पडली. बाहेरच्या देशातली ॲप ही गिऱ्हाइकं हसत घेतील म्हणाले. ७ मार्च २०२३ ची अधिसूचना काढून समोर ठेवली. तेव्हापासून आपण मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली, पीएमएलएखाली, बँकेइतकेच बांधलेले. बाहेरच्यांनाही सुटका नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये बायनान्सला १८ कोटी ८२ लाख, या जानेवारीत बायबिटला ९ कोटी २७ लाख दंड.
आकडे ऐकल्यावर चहा मागवला. अधिसूचनेला हात लावला नाही.

१५ जुलै, मंगळवार
बँकेत असताना पंधरा तारीख म्हणजे दहा लाखांवरच्या रोखीचा अहवाल. इथे रोख येतच नाही. तरी सकाळपासून पोटात गोळा.

१९ जुलै, शनिवार
अमेरिकेत काल सही झाली. डॉलरच्या स्थिर नाण्यांचा कायदा. जितकी नाणी तितके डॉलर किंवा अल्प मुदतीचे सरकारी रोखे राखीत, दर महिन्याला राखीव साठा जाहीर करायचा. छान. नाणं काढणाऱ्याला सगळं विचारतील. ते नाणं नांदेडहून कुठे गेलं, हे मात्र अशी कुठली तरी बाई केबिनमध्ये बसून शोधणार.
पुढच्या १ एप्रिलपासून आयकर खात्यालाही व्यवहारांचं वेगळं विवरण द्यायचंय. आणखी एक माणूस मागितलाय. मिळायचा नाही.

२४ जुलै, गुरुवार
दिव्यांची अमावस्या. घरातले दिवे मावशींनी घासले. सोन्याचा विषय नाही.

२८ जुलै, सोमवार
मावशी दहाला आल्या. डोळे सुजलेले. सोन्याच्या खात्याला होल्ड लागलाय. बँकेतले म्हणतात, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी लावला. कुणाचे तरी फसवून घेतलेले पैसे त्याच्या खात्यातून गेले. कॉलेजच्या फीचे अकरा हजारही त्यातच.
"त्याला काय ठावं, ताई? त्यानं नुसतं खातं दिलं."
तिकडे कुणीतरी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला असणार. माझ्या अहवालामुळे नाही, त्या तक्रारीमुळे. बहुतेक.
तिकडेही एखादी मावशी असेल. तिचे किती गेले?

२९ जुलै, मंगळवार
नागपंचमी. आज चिरायचं नाही, तळायचं नाही. मावशींनी दिंड केले. दोघी फारशा बोललो नाही. फीचे पैसे मी देते म्हटलं. "कापून घ्या पगारातून." नको म्हटलं. "मग नको," म्हणाल्या.

३० जुलै, बुधवार
मावशींनी बँकेचं पत्र आणलं. चार घड्या घातलेलं. "इंग्रजीत हाय. वाचून सांगा ना. तुम्ही असल्याच कामात हाव नव्हं?"
नाव वरच छापलेलं असणार.
चष्मा सापडत नाहीये म्हटलं. चष्मा डोक्यावर होता. त्यांनी बघितला. काही बोलल्या नाहीत, पत्र ओट्यावर ठेवून गेल्या.

३१ जुलै, गुरुवार
टीडीएसचं तिमाही विवरण गेलं. अलर्ट चौऱ्याण्णव. त्या पत्त्यावर आता लातूरहून कुणीतरी पाठवतंय.
पत्र अजून ओट्यावर, पिठाच्या डब्याखाली.