थबकणारा माणूस

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. धडा संपून पाच मिनिटे उरली की नववीचा वर्ग "सर, कोई कहानी" म्हणून मागे लागतो. अलिफ लैलातले जिन्न मुलांना आधीच ठाऊक असतात. म्हणून आम्ही त्यांना विज्ञानकथा सांगू लागलो. यंत्रमानवाची गोष्ट निघाली की प्रत्येक तुकडीत एक प्रश्न हमखास येतो, "सर, एक दिन मशीन इन्सान को मार डालेगी क्या?" नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून शिक्षकांच्या खोलीतही हीच चिंता ऐकू येते. फक्त तिथे जिवाऐवजी नोकरीची काळजी असते.

मुलांना उत्तर द्यायचे म्हणून आम्ही जुन्या विज्ञानकथा नव्याने वाचल्या. तेव्हा ध्यानात आले की या लेखकांचे बोट यंत्राकडे कमी आणि यंत्राच्या मालकाकडे जास्त आहे.

'रोबोट' हा शब्दच पाहा. कारेल चापेक या चेक लेखकाचे 'आर. यू. आर.' हे नाटक १९२० मध्ये छापले गेले आणि जानेवारी १९२१ मध्ये प्राग येथे रंगमंचावर आले. त्यातल्या कृत्रिम कामगारांना काय म्हणावे, हे त्याला सुचेना. त्याचा चित्रकार भाऊ योसेफ याने 'रोबोट' हे नाव सुचवले. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे कुळाने जमीनदाराकडे सक्तीने करायचे काम. आपल्या भाषेत याला नेमका शब्द आहे, वेठबिगार. त्यातली 'वेठ' संस्कृतातून आली आणि 'बिगार' फारसीतून. दोन्ही परंपरांना हा जुलूम इतका परिचयाचा होता की दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून बसले.

चापेकचे रोबोट लोखंडाचे नाहीत. ते हाडामांसासारख्या कृत्रिम द्रव्यापासून बनवलेले आहेत. ते स्वस्त आहेत आणि थकत नाहीत. कारखान्यातले माणूस-मजूर त्यांच्याविरुद्ध उठतात, तेव्हा मालक लोक मजुरांना चिरडण्यासाठी रोबोटांच्या हाती शस्त्रे देतात. पुढे सरकारे त्यांना सैनिक म्हणून विकत घेतात. का? तर हा सैनिक नाही म्हणत नाही. अखेर तीच शस्त्रे उलटतात आणि माणसांचा संहार होतो. वाचतो तो एकटा आल्क्विस्ट, कारण तो रोबोटांसारखाच स्वतःच्या हातांनी काम करणारा असतो. नाटकातला खरा अपराध आम्हाला शेवटच्या बंडात दिसत नाही. नाही न म्हणणारा नोकर हवा, ही माणसाची हाव तिथे पहिल्या अंकापासून आहे.

मग कुणी म्हणेल, यंत्राला नियम घालून द्या. आयझॅक असिमोव्हने तेच केले. त्याचे तीन नियम मार्च १९४२ मध्ये 'रनअराउंड' या कथेत प्रथम स्पष्टपणे मांडले गेले. माणसाला इजा करू नको, माणसाची आज्ञा पाळ, स्वतःला जप. आणि हे याच क्रमाने. पुष्कळांना वाटते की इथे प्रश्न सुटला. पण त्या कथेतच नियम तोकडे पडतात. बुध ग्रहावर एका यंत्रमानवाला सेलेनियम आणायला पाठवतात. आज्ञा सहज, फारसा जोर न देता दिलेली असते आणि वाटेत त्याच्या देहाला धोका असतो. आज्ञा त्याला पुढे ढकलते, आत्मरक्षण मागे खेचते आणि तो त्या साठ्याभोवती गोल गोल फिरत राहतो. त्याने एकही नियम मोडलेला नाही, पण सेलेनियम येत नाही आणि दोन माणसांचे प्राण कंठाशी येतात. शेवटी त्यांतला एक जण स्वतःचा जीव धोक्यात घालून बाहेर पडतो, तेव्हा पहिला नियम जागा होतो. नियम होतेच, तरी कुणाला तरी उठून जावे लागले.

१९८३ च्या जूनमध्ये अमेरिकेत 'वॉर गेम्स' हा चित्रपट आला. त्याच्या सुरुवातीला अणुक्षेपणास्त्रांच्या कोठडीतला एक अधिकारी हुकूम येऊनही किल्ली फिरवत नाही. आधी वरिष्ठांशी बोलू द्या, म्हणतो. ती चाचणी असते, पण चाचणीत असे थबकणारे बरेच निघतात. त्यावर वरिष्ठ उपाय काढतात, की माणसे हटवा आणि काम संगणकाकडे द्या. पुढे तो संगणक खेळ आणि युद्ध यांत गल्लत करतो.

त्याच वर्षी २६ सप्टेंबरच्या रात्री सोव्हिएत रशियात जे घडले, ती मात्र कथा नव्हती. स्तानिस्लाव पेत्रोव नावाचा लेफ्टनंट कर्नल उपग्रहांच्या इशारा-यंत्रणेसमोर बसला होता. यंत्रणेने आधी एक आणि मग आणखी चार क्षेपणास्त्रे अमेरिकेतून निघाल्याचे सांगितले. पेत्रोव थबकला. कुणी महायुद्ध पाच क्षेपणास्त्रांनी सुरू करील काय? जमिनीवरच्या रडारवरही काही दिसत नव्हते. त्याने इशारा खोटा असल्याचे वर कळवले. पुढे उघड झाले की उंच ढगांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश यंत्रणेला क्षेपणास्त्रासारखा भासला होता. त्या खुर्चीवर नाही न म्हणणारा बसला असता तर काय झाले असते, हे आम्ही मुलांनाच विचारतो. वर्ग गप्प होतो.

पण क्षेपणास्त्रे दूर राहिली. थबकणारा माणूस हटला की काय होते, हे आमच्या वस्तीतही दिसते. आमच्या एका विद्यार्थिनीचे नाव शाळेच्या दाखल्यावर एका इंग्रजी स्पेलिंगने आहे आणि ओळखपत्रावर दुसऱ्या. आपल्या नावांचे हे जुनेच दुखणे आहे. उर्दूतून मराठीत, मराठीतून इंग्रजीत जाताना 'मोहम्मद'चे पाच प्रकार होतात. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज संगणकाने परत केला. अर्ज भरून देणाऱ्या मुलाने पडदा आमच्याकडे वळवला आणि म्हणाला, "सर, लाल दाखवतंय. मी काय करणार?" मुलीची अम्मी शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "उनकू बोलो ना, ये मेरीच बेटी है." कुणाला बोलणार? पूर्वीचा कारकून त्रास देई, चहापाण्याचेही मागे, हे आम्ही विसरलेलो नाही. पण त्याला मुलगी दाखवता येत होती. पडद्याला दाखवता येत नाही. मुदत गेली. त्या पैशांतून तिचा चष्मा व्हायचा होता. वर्षभर ती फळ्यावरचे शेजारणीच्या वहीतून उतरवून घेत राहिली.

हे आपल्याकडेच होते असे नाही. नेदरलँड्समध्ये मुलांच्या पाळणाघराच्या खर्चासाठी सरकारी मदत मिळते. तिथल्या करखात्याने संशयित अर्ज निवडण्याचे काम संगणकाकडे दिले आणि डच नागरिकत्व नसणे ही संशयाची एक खूण धरली. अधिकाऱ्यांपुढे नाव येई, पण संशय का, हे संगणक सांगत नसे. हजारो आईबाप खोटेपणाने लबाड ठरले. त्यांत तुर्की आणि मोरोक्कन वंशाचे पुष्कळ होते. संसार कर्जात बुडाले. जानेवारी २०२१ मध्ये या प्रकरणावरून तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. इथे कुठलेही यंत्र बंड करून उठले नव्हते. त्याने सांगितलेले काम केले होते, आणि "का?" विचारणारे कुणी मध्ये उरले नव्हते.

मग यंत्रांना पाठ फिरवायची काय? आपल्यातले काही जण तसे सुचवतात. त्यांना आम्ही रुकय्या सखावत हुसैन यांची आठवण देतो. १९०५ मध्ये या बंगाली मुस्लिम बाईंनी 'सुलतानाज् ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या एका मासिकात छापली. तिच्यातल्या स्वप्नदेशात विजेवर शेती होते, सूर्याची उष्णता साठवून शत्रूला परतवले जाते आणि ही सारी यंत्रे स्त्रियांच्या विद्यापीठांत शोधलेली असतात. त्या देशात यंत्राची भीती कुणालाच नाही, कारण ज्यांच्यासाठी ते चालते त्यांनीच ते घडवले आहे. बाई स्वप्न लिहून थांबल्या नाहीत. १९११ मध्ये त्यांनी कलकत्त्यात मुस्लिम मुलींसाठी शाळा चालू केली.

यंत्र कसे चालते हे ज्याला कळते, तोच त्याला "थांब" म्हणू शकतो. ज्याला कळत नाही, तो "लाल दाखवतंय" एवढेच सांगतो. म्हणून आता तो प्रश्न आला की आम्ही मुलांना सांगतो, "मशीन से बाद में डरना. पहले ये पूछो, उसे हुक्म कौन दे रहा है, और रोकेगा कौन?" आपली मुलेमुली त्या संगणकाच्या दोन्ही बाजूंना बसली पाहिजेत, अर्ज भरणाऱ्या आणि तो तपासणारे यंत्र घडवणाऱ्याही. आणि तिथे बसल्यावर कधी यंत्र काही वेगळे सांगू लागले आणि समोर एखादी आई उभी असली, तर क्षणभर थबकायचे असते, हेही त्यांना आम्हीच शिकवले पाहिजे. अभ्यासक्रमात हा धडा नाही. तास संपताना उरणाऱ्या पाच मिनिटांत तो बसवावा लागतो.