विचारले तर सांगतात
(द्वितीय वर्ष कला वर्गातील एक विद्यार्थिनी)

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी पूर्ण एक तास चुकीच्या वर्गात बसले होते. वर्ग तृतीय वर्षाचा होता. सर फळ्यावर लिहीत होते आणि मी ते निमूटपणे वहीत उतरवून घेत होते. कळत काहीच नव्हते. पण कॉलेजातले पहिल्या दिवशी कळत नसतेच, अशी माझी समजूत. तास संपल्यावर शेजारच्या ताईने विचारले, "नवीन आहेस का गं?" तेव्हा सारा उलगडा झाला. दारातच कुणाला विचारले असते तर एवढे झाले नसते. पण विचारायची लाज वाटली.

यंदा जूनमध्ये व्हरांड्यात भिंतीला धरून उभ्या असलेल्या मुली पाहिल्या आणि तो दिवस आठवला. म्हणून हा लेख. यात थोर विचार नाहीत. प्रथम वर्षाला मला जे कुणी सांगितले नाही, किंवा खरे म्हणजे मी कुणाला विचारले नाही, तेवढेच आहे.

आमचे आण्णा बाजार समितीत हमाल आहेत. आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिला सहीपुरते लिहिता येते. ज्यांच्या घरचे कुणी आधी कॉलेजात जाऊन आलेले असते, त्यांना बोनाफाईड म्हणजे काय, टर्म कधी संपते, ए.टी.के.टी. कशाला म्हणतात, हे जेवता जेवता कळते. आमच्यासारख्यांना ते नोटीस बोर्डावर वाचावे लागते, आणि नोटीस बोर्डाची भाषा ज्याला आधीच सगळे ठाऊक आहे त्यालाच समजते!

पहिली गोष्ट कागदांची. शाळा सोडल्याचा दाखला प्रवेशाच्या वेळी एकदा दिला की तो कॉलेजकडेच राहतो. म्हणून देण्यापूर्वी त्याच्या चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, आधार कार्ड आणि फोटो हे सगळे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत असावे. उत्पन्नाचा दाखला जुना चालत नाही. तहसीलला ऐनवेळी गर्दी उसळते, तेव्हा बारावीच्या निकालाची वाट न पाहता तो काढावा. आणखी एक. गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत शाळेसाठी एस.टी.चा पास फुकट मिळतो. कॉलेजात आल्यावर भाड्याचा तिसरा हिस्सा भरावा लागतो. हे मला पासाच्या खिडकीशी कळले, आणि त्या दिवशी माझ्या हातात परतीच्या तिकिटापुरतेच पैसे होते.

दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीची. अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरायचा असतो, हे सगळ्यांना माहीत असते. पण अर्ज भरला म्हणजे काम झाले असे नाही. तो आधी कॉलेजच्या टेबलावरून पुढे जावा लागतो आणि मग समाजकल्याणसारख्या त्या त्या खात्याकडून. शिवाय बँकेचे खाते आधारला जोडलेले नसेल तर मंजूर झालेले पैसेही येत नाहीत. माझे खाते होते, पण जोडलेले नव्हते. मी चार महिने रोज पैशांची वाट पाहिली. खिडकीवर दोनदा गेले. दोन्ही वेळा "पुढच्या आठवड्यात या" एवढेच उत्तर मिळाले, आणि मी मान हलवून परतले. तिसऱ्या वेळी एक मैत्रीण बरोबर होती. तिने सरळ विचारले, "पण अर्ज नेमका अडलाय कुठे?" दोन मिनिटांत कळले. तेव्हा खिडकीवर 'कधी' असे विचारू नका, 'कुठे' असे विचारा.

तिसरी गोष्ट हजेरीची आणि क्रेडिटची. नवे शैक्षणिक धोरण आल्यापासून विषयांच्या नावांपुढे इतकी अक्षरे लागली आहेत की वेळापत्रक रेल्वेचे वाटते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. तासिकेच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे १५ तास. चार क्रेडिटचा विषय असेल तर सत्रात ६० तास होतात. त्याचे ७५ टक्के म्हणजे ४५. म्हणजे १५ तास बुडाले तरी निभावते, त्यापुढे नाही. माझी एस.टी. रोज वीस मिनिटे उशिरा पोचायची आणि पहिला तास हुकायचा. दारातून आत जायचे धाडस होत नसे, म्हणून मी बाहेर कट्ट्यावर बसायची. शेवटी हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडला, तेव्हा पोटात गोळा आला. सरांना जाऊन गाडीची अडचण सांगितली. ते एवढेच म्हणाले, "मागच्या दाराने ये आणि बस. बाहेर बसून काय मिळतं?"

चौथी गोष्ट ग्रंथालयाची. मी तिथे पहिल्यांदा सप्टेंबरात गेले. पुस्तकांच्या पाठीवरचे आकडे पाहून वाटले, हे ग्रंथपालांचे गुपित असावे. ती ड्यूई नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली छापून प्रसिद्ध केलेली दशांश पद्धत आहे. ३२० ला राज्यशास्त्र, ३३० ला अर्थशास्त्र, ९५४ ला भारताचा इतिहास, आणि ८९१.४६ हे आपले मराठी साहित्य. हे चार आकडे पाठ केले की कपाटे ओळखीची होतात. गाईड घेण्याआधी अभ्यासक्रमात दिलेले मूळ पुस्तक एकदा तरी हातात घ्यावे. पैशांची ओढ असेल तर 'कमवा आणि शिका' योजनेत नाव द्यावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली साताऱ्यात कॉलेज काढले ते याच तत्त्वावर. मी रोज दोन तास ग्रंथालयात पुस्तके लावते. त्यात कमीपणा वाटून घेण्यासारखे काही नाही. उलट परीक्षेच्या आधी कोणते पुस्तक कुठे आहे, हे मुले मलाच विचारतात.

आता जे लिहायचे की नाही असे चार दिवस मनात चालले होते, ते लिहिते.

पहिल्या सत्रात मी इंग्रजीत नापास झाले. दोन निबंध लिहून द्यायचे होते. त्यांना वेगळे गुण असतात, हे मला ठाऊक नव्हते. मी ते दिलेच नाहीत. पेपरात पाठ केलेले उत्तर भलत्याच प्रश्नाला लिहून आले. निकाल लागला तेव्हा घरी मामा एक स्थळ घेऊन आला होता. आण्णा त्याला म्हणाले होते, "पोरगी पास होतीया तवर शिकू दे तिला." हे शब्द माझ्या कानावर होते. मग निकालाचे घरी कसे सांगणार? "अजून लागला नाही," असे मी सांगितले. एक नाही, दोन नाही, अठरा दिवस सांगितले. धाकटी बहीण दहावीला होती. ती एकदा म्हणाली, "ताई, कॉलेजचा निकाल लई उशिरा लागतो का गं?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

एकोणिसाव्या दिवशी आण्णा संध्याकाळी कामावरून आले, चहा घेत बसले, तेव्हा सांगून टाकले. एक विषय राहिला आहे, वर्ष वाया जात नाही, पुन्हा परीक्षा देता येते, असे भराभर सगळे. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले,

"अठरा दिस एकलीच वझं घिऊन हिंडलीस?"

मी गप्प.

"हमालाची पोर हायेस तू. पोतं पाठीवर घेताना दुसऱ्यानं हात लावावाच लागतो. पाठीवर आलं की मग आपलं आपन नेतो. एवढं कळंना व्हय तुला?"

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूमच्या दारात उभी राहिले. मॅडमना खरे सांगितले. त्यांनी प्रश्नपत्रिका मागवून घेतली, कुठे चुकले ते दाखवले आणि म्हणाल्या, "दर शनिवारी एक परिच्छेद लिहून आणायचा. पाठ केलेला नको, तुझा तू लिहिलेला." पहिला परिच्छेद मी आण्णांवर लिहिला. पाच ओळींत अकरा चुका होत्या. त्यांनी सगळ्या दुरुस्त केल्या आणि खाली लिहिले, "पुढे?" पुढच्या परीक्षेत मला त्या विषयात ४७ गुण मिळाले. ते काही फार नाहीत, पण त्यातला एकही पाठांतराचा नाही.

स्थळाचा विषय घरात अजूनही निघतो. नाही कशाला म्हणू? पण बहीण आता अकरावीला आहे आणि मामा आला की तीच त्याला सेमिस्टर म्हणजे काय ते समजावून सांगते. तिला ते जेवता जेवता कळले आहे.

तेव्हा प्रथम वर्षाच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, वर्ग सापडला नाही तर विचारा. फॉर्म कळला नाही तर विचारा. विषय राहिला तर घरी सांगा आणि सरांना, मॅडमना विचारा. कुणी एखादा खेकसेल, पण सगळेच तसे नसतात. आणि कुणीच भेटले नाही, तर दुपारी दोन ते चार मी ग्रंथालयात ८९१.४६ च्या कपाटापाशी असते.