डोमेनची नावं धरून बसलेल्या बीडच्या मित्रास अनावृत पत्र

प्रिय मित्रा,



तू गेवराईचा असशील, केजचा असशील, नाहीतर परळीचा. इंजिनिअरिंग झालंय पण पुण्याला जायचं जमलं नाही, किंवा एमपीएससीचा अभ्यास चालू आहे आणि रात्री मोबाइलवर तू इंटरनेटवरची नावं विकत घेतोस. डॉट कॉम, डॉट इन, डॉट स्टोअर. आज हजार रुपयांना घेतलेलं नाव उद्या कुणीतरी लाखाला मागेल, ही तुझी आशा. घरी हे सांगता येत नाही, कारण दाखवायला ना सातबारा ना पावतीपुस्तक. म्हणून तुझ्याशी कुणी या विषयावर नीट बोलतही नाही. ते बोलावं म्हणून हे पत्र.

हा व्यवहार खोटा नाही, हे आधी सांगतो. २०१९ साली व्हॉइस डॉट कॉम हे एकच नाव तीन कोटी डॉलरला विकलं गेलं. ही बातमी तू वाचली असणारच. पण ते नाव मायक्रोस्ट्रॅटेजी या सॉफ्टवेअर कंपनीने अनेक वर्षं स्वतःकडे ठेवलं होतं, आणि घेणाऱ्या कंपनीला त्याच नावाने नवी सेवा सुरू करायची होती. म्हणजे गिऱ्हाइकाचं त्या नावावाचून अडलं होतं. आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण घे. मुंबईच्या भाविन आणि दिव्यांक तुराखिया या भावांनी १९९८ साली वडिलांकडून २५ हजार रुपये घेऊन डायरेक्टी ही कंपनी काढली. वेबसाइटला जागा देणं आणि डोमेनची नोंदणी करून देणं हे त्यांचं काम. २०१४ साली तो नोंदणीचा व्यवसाय अमेरिकेतल्या एन्ड्युरन्स कंपनीने विकत घेतला. नाव साठवून मोठे झालेले लोक कमी. नावाची नोंदणी करून देणारे जास्त मोठे झाले.

२०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता, आठवतं? पुढच्या वर्षी तोच भाव परत येईल म्हणून आपल्याकडे घराघरांत कापूस भरून ठेवला. झोपायच्या खोलीत कापूस, अंगाला खाज, आणि शेवटी उन्हाळ्यात पडेल त्या भावाने विक्री. तुझ्या खात्यातल्या नावांचं तसंच आहे, फक्त एक फरक आहे आणि तो तुझ्या विरोधात जातो. कापसाला पडेल का होईना, भाव मिळतो. नावाला गिऱ्हाईक नसेल तर भाव शून्य, आणि वर दरवर्षी ठेवणावळ द्यावी लागते ती वेगळी.

ती ठेवणावळ कागदावर मांडून बघ. समज, तुझ्याकडे शंभर नावं आहेत. नूतनीकरणाचा खर्च करासकट नावामागे हजार-बाराशे धर. वर्षाला लाख-सव्वा लाख झाले. या धंद्यात मुरलेले लोक वर्षाकाठी शंभरातली एक-दोन नावं विकली गेली तरी बरं मानतात. विक्री बाजारपेठेच्या संकेतस्थळावरून झाली तर पंधरा-वीस टक्के दलाली कापली जाते. म्हणजे ते एखादं नाव दीड लाखाच्या आसपास गेलं नाही, तर वर्ष तोट्यात. त्यात डॉट स्टोअर, डॉट ऑनलाइन अशी नावं पहिल्या वर्षी शंभर-दीडशे रुपयांना मिळतात आणि दुसऱ्या वर्षी काही हजारांचं बिल येतं. मूल्यांकनाची फुकट यंत्रणा त्याच नावापुढे ‘१,५०० डॉलर’ असं दाखवते. तो आकडा कुणी देऊ केलेला नसतो. यंत्राने अंदाज केलेला असतो, आणि त्या अंदाजावर बँक काय, शेजारीसुद्धा पैसे देणार नाही.

सगळ्यांत जास्त पैसे कुठे जातात, तर बातमी वाचून घेतलेल्या नावांत. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं, २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. १७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरला रेल्वे सुटली. अशा प्रत्येक वेळी गावाचं नाव आणि पुढे डॉट कॉम असं काहीतरी घ्यावंसं वाटतं. पण घेणार कोण, हे त्या रात्री विचारायला हवं. सरकार घेणार नाही; जिल्हा प्रशासनाची संकेतस्थळं गव्ह डॉट इनवर असतात आणि ते नाव सरकारखेरीज कुणाला मिळत नाही. राहिला गावातला व्यापारी. त्याचं काम व्हॉट्सॲपवर भागतं. शिवाय रोमन स्पेलिंगचा घोळ आहेच. बीड जनगणनेच्या कागदांत बी-आय-डी आहे आणि बाकी सगळीकडे बी-ई-ई-डी. केज निवडणूक आयोगाच्या यादीत के-ए-आय-जे. गेवराई, अंबाजोगाई तर प्रत्येक पाटीवर निराळं. नाव कानावर पडल्यावर माणसाला बिनचूक टाइप करता आलं नाही, तर ते नाव विकत घेण्यात अर्थ नाही. देवनागरीत डॉट भारत ऑगस्ट २०१४ पासून मिळतं आणि स्पेलिंगचा प्रश्न तिथे सुटतो. पण पुन्हा विकण्यासाठी ते घेऊ नकोस. स्वतः वापरणार असशील तर जरूर घे.

आता जे सांगतो ते कडक वाटेल. दुसऱ्याच्या प्रसिद्ध नावाजवळ जाऊ नकोस. मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ सालीच रेडिफच्या नावात एक अक्षर बदलून घेतलेलं डोमेन वापरायला मनाई केली. २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डोमेनच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळू शकतं असं सांगितलं. डॉट इनच्या तंट्यांसाठी वेगळी लवाद पद्धत आहे. मूळ मालकाला विकण्याच्या हेतूने नाव घेतलं असं ठरलं, तर ते नाव काढून त्याला देता येतं. २०२४ चं जिओहॉटस्टारचं प्रकरण तुझ्या डोळ्यांपुढे घडलं. दिल्लीच्या एका तरुणाने जिओ आणि हॉटस्टार एकत्र येण्याआधीच ते नाव घेतलं आणि त्याच्या बदल्यात केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च मागितला. जिओच्या कंपनीने तो मान्य केला नाही. नाव दुबईतल्या दोन लहान भावंडांकडे गेलं आणि त्यांनी ते कंपनीला मोफत देऊ केलं. त्या तरुणाची शिकायची ओढ खरी होती, म्हणून वाईट वाटतं. पण तो रस्ताच चुकीचा होता. मोठी कंपनी वकील उभा करते. आपल्याला अंबाजोगाईच्या कोर्टाची तारीख गाठायची तर दिवसाची मजुरी बुडते.

एक ईमेल तुला आलेला असेल, नसेल तर येईल. ‘माझ्या अशिलाला तुमचं नाव २५ हजार डॉलरला हवं आहे. फक्त अमुक संस्थेचं मूल्यांकन प्रमाणपत्र पाठवा.’ प्रमाणपत्राचे पाच-दहा हजार भरले की तो माणूस गायब. खरा गिऱ्हाईक प्रमाणपत्र मागत नाही. तो भाव करतो आणि पैसे एस्क्रोत, म्हणजे तिसऱ्याकडे, ठेवायला तयार असतो. जादा व्याजाच्या आशेने मल्टिस्टेट पतसंस्थांमध्ये ठेवलेल्या ठेवी अडकल्या तेव्हा आपल्या जिल्ह्यातल्या घरांचं काय झालं, हे तू पाहिलं आहेस. घाई करायला लावणाऱ्याला तेवढ्यासाठी तरी पाठ दाखव.

चुकीतून शिकायचं तर चूक लिहून ठेवावी लागते. प्रत्येक नावापुढे एका ओळीत लिही: कधी घेतलं, का घेतलं, कोण घेईल असं वाटलं होतं, आणि आजवर कुणी विचारलं का. ‘का’च्या रकान्यात ‘बातमी आली म्हणून’ असं जितक्या वेळा येईल, तितकी नावं नूतनीकरणाच्या तारखेला सुटू दे. सोडताना जीव कासावीस होतो, मला कळतं. पण डॉट कॉम सोडलं तरी लगेच हातचं जात नाही. बहुतेक नोंदणी कंपन्या मुदतीनंतरही काही आठवडे नेहमीच्या दराने परत देतात, त्यानंतर तीस दिवस जबर दंड भरून मिळतं, आणि मग पाच दिवसांनी ते सगळ्यांना खुलं होतं. तेवढ्या काळात एकही चौकशी आली नाही, तर तुझा निर्णय बरोबर होता.

मग ही विद्या वापरायची कुठे, तर आपल्याच जिल्ह्यात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बालाघाटच्या डोंगरातलं ते फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत पिकतं. टोपली रस्त्याकडेला संपली नाही तर माल वाया. तिथल्या एखाद्या गटाला गर विकायला स्वतःचं संकेतस्थळ हवं असेल, तर तुला येणारी विद्या तिथे उपयोगी पडेल आणि नोंदणीचे, बांधणीचे, देखभालीचे पैसे दरवर्षी मिळतील. फक्त नाव त्यांच्याच ईमेलवर आणि त्यांच्याच खात्यात नोंदव. आणि तुझ्या यादीत बीडमधल्या एखाद्या चालत्या दुकानाचं नाव अडकून पडलं असेल, तर ते त्या दुकानदाराला घेतल्या किमतीत देऊन टाक. नूतनीकरणाची पुढची तारीख येण्याआधी दे.

तुझा,
याच जिल्ह्यातला एक हितचिंतक