एकेक पान

परगावी शिकवावयास गेलेल्या माणसाची पहिली ओळख तेथील ग्रंथालयाशी होते, असे आम्ही अध्यापक मंडळी सांगत असतो. माझी पहिली ओळख झाली ती भाजीबाजाराशी. हावड्यात शिवपूरच्या बाजूस वरच्या मजल्यावर दोन खोल्या मिळाल्या आणि दुसऱ्याच दिवशी पिशवी घेऊन कालीबाबूच्या बाजारात गेले. समोर हिरव्या पाल्याचे ढीग होते. नावे मात्र एकाचेही येत नव्हते. पुई म्हणजे आपला मायाळू, नटे म्हणजे माठ, बेतो म्हणजे चाकवत, कलमी म्हणजे नाळीची भाजी, हे कळावयास महिना गेला. दोन भाषांतील शब्दांचे नाते जुळवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला असल्या छोट्या शोधांचा फार आनंद होतो. त्या आनंदापायीच माझ्या हातून एक चूक घडली, आणि ती एका मुक्या जिवावर बेतली.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहत. वय सत्तरीपलीकडचे, वैधव्याला तीस वर्षे झालेली. सारा मोहल्ला त्यांना मासिमा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. त्यांचा नातू शिक्षणासाठी बंगळूरला गेला आणि जाताना आपला पांढरा ससा आजीपाशी ठेवून गेला. नाव तुलो, म्हणजे कापूस. मासिमा त्याला भात, मुरमुरे आणि चहातले बिस्किट देत. माणसाच्या मायेला जे सुचते ते. ते पाहून मला वाटले, पाला खाणाऱ्या प्राण्याच्या नशिबी हे काय आले! थंडीचे दिवस होते, बाजार हिरवागार होता. एका संध्याकाळी मी पालक, मायाळू, फुलकोबीची पाने, मुळ्याचा पाला आणि कोथिंबीर अशी भरगच्च जुडी आणून त्याच्यापुढे ठेवली. तुलो अधाशासारखा तुटून पडला. मासिमा कौतुकाने पाहत होत्या, आणि मला दानशूरपणाचे समाधान वाटत होते.

सकाळी त्या जिना चढून वर आल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या कधी वर येत नसत. “दिदिमणी, ओ किछु खाच्छे ना,” एवढेच म्हणाल्या. खाली जाऊन पाहते तो तुलो कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेला; पोट टणक; दातावर दात घासल्याचा बारीक आवाज येत होता. टोपलीत एकही लेंडी नव्हती. मासिमांनी मला बोल लावला नाही. त्या नुसत्या त्याच्या पाठीवरून हात फिरवीत राहिल्या. बोल लावला असता तर बरे झाले असते.

गंगेपलीकडे एका पशुवैद्यांकडे त्याला नेले. त्यांनी कातडीखाली सलाईन दिले, वेदना शमवणारे आणि आतड्याची हालचाल सुरू करणारे औषध दिले, आणि गवताच्या भुकटीची पेज पिचकारीने भरवावयास सांगितली. ससा दहा-बारा तास खात नाही म्हणजे तो आजारी आहे असेच समजावे, उद्यावर टाकू नये, हे त्यांचे वाक्य मी विसरले नाही. तीन दिवस आणि तीन रात्री आम्ही दोघी आळीपाळीने बसलो. चौथ्या दिवशी पहाटे मासिमांनी हाक मारली. टोपलीत चार लेंड्या पडल्या होत्या. त्या पाहून दोन प्रौढ बायका रडल्या, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही.

नंतर वैद्यांनी कारण समजावून सांगितले. सशाच्या पोटातील खरे काम लहान आतड्यापुढच्या मोठ्या पिशवीत, अंधांत्रात, चालते. तेथे असंख्य सूक्ष्मजंतू चोथा आंबवतात. त्यातून तयार झालेल्या मऊ गोळ्या ससा पहाटेच्या सुमारास स्वतःच पुन्हा खातो आणि त्यांतील सत्त्व घेतो. हा जंतूंचा संसार ज्या अन्नावर बसलेला असतो ते एकाएकी बदलले की तो विस्कटतो, वायू धरतो, आतडे थांबते. सशाला ओकताही येत नाही. जे आत गेले ते आतच राहणार. भात-बिस्किटांनी तुलोचे पोट आधीच दुबळे झाले होते. माझी जुडी ही शेवटची काडी ठरली.

मग क्रम ठरला. आधी वाळलेले गवत. ते हावड्यात सहजी मिळेना. मिळे तो भाताचा पेंढा, आणि त्यात कस कमी. शेवटी बाहेरून पार्सलने मागवले. गवत हेच सशाचे मुख्य अन्न. त्याचे दात जन्मभर वाढत असतात, ते झिजण्यासही गवतच लागते. भात-बिस्किटे हळूहळू बंद केली. तीन आठवडे नुसते गवत आणि पाणी चालले. लेंड्या गोल, कोरड्या आणि सारख्या आकाराच्या पडू लागल्यावर पहिले पान दिले ते कोथिंबिरीचे. खरोखरच एक पान! दुसऱ्या दिवशी टोपली तपासली. काही बिघाड नाही असे पाहून दोन पाने. चार दिवसांनी एक काडी. कोथिंबीर अंगी लागली असे ठरल्यावरच पुदिना, मग तुळस, मग गाजराचा पाला. एका वेळी एकच नवा पाला द्यावयाचा. कारण दोन दिले आणि बिघडले, तर दोष कोणाचा हे कळणार नाही. मासिमांनी नातवाची जुनी वही काढली आणि डावीकडे तारीख, उजवीकडे पानाचे नाव, शेवटी लेंड्यांचा अभिप्राय अशी नोंद सुरू केली. शोधप्रबंधासाठी मी इतकी काटेकोर टिपणे ठेवली नव्हती.

दोनदा धास्ती बसली. मुळ्याच्या पाल्याने लेंड्या मऊ झाल्या. तो थांबवला, गवतावर ठेवले, दोन दिवसांत सुधारले. लाल माठ दिल्यावर लघवी लालभडक झाली. आम्ही घाबरून फोन केला, तेव्हा कळले की पाल्यातील रंगद्रव्यामुळे असे होऊ शकते; खाणे-खेळणे नेहमीसारखे असेल तर थांबून पाहावे, रंग टिकला तर तपासावे. दुसऱ्या दिवशी रंग गेला. पालक आठवड्यातून एकदा, थोडाच. त्यात ऑक्झॅलेट फार. अळू कधीच नाही. त्याची खाज आपल्याला ठाऊक आहेच. कांदा-लसूण वर्ज्य. चित्रपटांतला ससा सदैव चघळतो ते गाजर साखरेचे, म्हणून केवळ चाखण्यापुरते. पावसाळ्यात पाला धुऊन, फडक्यावर कोरडा करूनच द्यावयाचा. सडका एकही देठ नको. सहा महिन्यांनी तुलो वजनाच्या दर किलोस एक कपभर मिश्र पाला सुखाने पचवू लागला.

याच दिवसांत वर्गात शशजातक शिकवावयाचे होते. ही कथा मी अनेक वर्षे शिकवीत आले आहे. अतिथी दाराशी येतो. ऊदमांजर मासे देऊ करते, माकड आंबे देऊ करते. सशापाशी मात्र गवताखेरीज काही नाही, म्हणून तो स्वतःचे शरीर अग्नीत टाकतो, आणि शक्र त्याची आकृती चंद्रावर रेखतो. त्यागाचा आदर्श, असे मी सांगत असे. या खेपेस कथेतली एक साधी गोष्ट ध्यानी आली. त्यागाच्या आधी त्या सशाने एक विचार केला आहे: गवत माझे अन्न आहे, पाहुण्याचे नव्हे. जे आपल्याला गोड ते समोरच्याला पचेलच, असे त्याने गृहीत धरले नाही. मी मात्र नेमके तेच गृहीत धरले होते. त्या कथेतला ससा रानातला, आमचा तुलो मूळच्या युरोपीय जातीच्या वंशातला. जीवशास्त्र त्यांना एक मानीत नाही. आपण दोघांनाही ससाच म्हणतो. एका शब्दाने दोन जीव एक होत नाहीत, हे भाषांतराच्या वर्गात सांगणारी मी, बाजारात विसरले होते.

पुढे आश्विन आला. आपली नरकचतुर्दशी तीच बंगालची भूतचतुर्दशी. आपल्याकडे कोकणात त्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडवटपणा जिभेला लावतात. येथे चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारचे शाक खातात. सोळाव्या शतकातील नवद्वीपचे स्मार्त पंडित रघुनंदन यांच्या नावाने त्यांची यादी सांगतात: सुरणाचा पाला, चाकवत, मोहरी, कडुनिंब, गुळवेल, परवळाची पाने, पाण्यातली चौपानी शुषणी आणि इतर. मला ऋषिपंचमीची, बैलाच्या श्रमावाचून पिकलेली भाजी आठवली. बाजारात हे चौदा शाक एकत्र चिरून विकावयास असतात. कशात काय आहे ते ओळखू येत नाही.

“तुलोलाही थोडे द्यावे का? सणाचे आहे,” असे मासिमांनी विचारले, आणि माझ्या पोटात गोळा आला. त्या यादीत सुरणाचा पाला आहे, जनावरांना बाधणारा कासविंदा आहे. नाही कसे म्हणावे याचा विचार करीत मी गप्प राहिले. पण त्यांनी मिश्रण विकत आणलेच नव्हते. चौदाही जुड्या सुट्या आणून ओटीवर ओळीने मांडल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी वही उघडली, बोट फिरवीत एका नावाशी थांबल्या आणि तेवढी जुडी बाजूला काढली. शुलफा, म्हणजे आपला शेपू. भाद्रपदातच तो तुलोला पचल्याची नोंद त्यांच्या अक्षरात होती. एक काडी त्यांनी तुलोपुढे ठेवली. बाकीचे तेरा आणि उरलेला शेपू कढईत गेला.

त्या दिवशी जेवणाच्या पानात मला आधी लहानसा घासच वाढला होता. “आधी चाखून पाहा, दिदिमणी,” मासिमा म्हणाल्या, “सोसले तर आणखी वाढीन.”