ज्येष्ठ वद्यातला हिवाळा

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जून म्हणजे भर हिवाळा. आपल्याकडे मृगाचा पाऊस सुरू झालेला असतो आणि तिथं टेकापो तळ्याकाठी सूर्य सकाळी आठनंतर उगवून पाचच्या सुमाराला मावळलेलाही असतो. धड नऊ तासांचासुद्धा दिवस नाही. कॅम्परव्हॅन घेऊन हिंडायचं तर लोक हा ऋतू टाळतात. मी म्हणेन, जमलं तर याच दिवसांत जावं. उन्हाळ्यात माणूस त्या देशातली तळी आणि डोंगर बघायला जातो. हिवाळ्यात तो रात्र बघायला जातो आणि तिथली रात्र तेवढ्या लांबून येण्याच्या मोलाची आहे.

मुलगी क्राइस्टचर्चला असते. गाडी तिनं चालवायची, चूल मी सांभाळायची, असं वाटून घेतलं होतं. बर्क्स खिंड ओलांडली की हिरवी कुरणं मागं पडतात आणि मॅकेन्झीचं पठार उघडतं. पिवळ्या तुसॉक गवताचं, वाऱ्याचं, कुठंही आडोसा नसलेलं. १८५५ साली हजार मेंढ्या पळवल्याचा आरोप ज्याच्यावर आला, त्या जेम्स मॅकेन्झी नावाच्या मेंढपाळाचं नाव या पठाराला मिळालं. एका आरोपीचं नाव एवढ्या मोठ्या प्रदेशानं आजवर प्रेमानं जपावं, हे मला फार आवडलं.

या दिवसांत गाडी दामटून चालत नाही. डोंगराच्या सावलीतल्या वळणांवर दिवसभर ऊन पोचत नाही. तिथं बर्फाचा इतका पातळ थर धरतो, की तो डांबरासारखाच काळा दिसतो. म्हणून मुलगी दहाच्या आत निघायची नाही आणि साडेतीनला मुक्काम शोधायला लागायची. मुक्कामाचे नियमही कडक. २०२३च्या कायद्यानं अशा गाड्यांना पक्का बसवलेला संडास सक्तीचा केला. पाणी आपलं, सांडपाण्याची टाकीही आपली, आणि ती ठरलेल्या जागीच रिकामी करायची. मला हे अगदी पटलं. तळ्याकाठी झोपायचं तर तळं जसं मिळालं तसंच मागच्याला द्यायला हवं.

अंधार पडला की गाडीचं घर होतं. सीटच्या खाली डिझेलवर चालणारा हीटर असतो. गाडीच्याच टाकीतलं थेंब थेंब डिझेल तो बंद पेटीत जाळतो, धूर बाहेर सोडतो आणि आत फक्त गरम हवा देतो. ते डिझेलही डोंगराजवळच्या पंपावर भरून घ्यावं लागतं, कारण साध्या डिझेलमधलं मेण कडक थंडीत गोठतं आणि इंजिनाची वाट अडवतं. गॅसचंही तसंच. सिलिंडरमधलं ब्युटेन शून्याच्या खाली वायूच होत नाही, प्रोपेनवर शेगडी चालते. घरी आपण बटण दाबतो आणि ऊब येते. इथं ऊब कशाकशानं बनते, ती किती उरली आहे, हे रोज संध्याकाळी हात लावून बघावं लागतं. पाण्याचा काटा, बॅटरीचा काटा, डिझेलचा काटा. तांदूळ धुतलेलं पाणीही मी टाकून द्यायची नाही, त्यातच पिठलं कालवायची.

‘‘आई, खिडकी बोटभर उघडी ठेव,’’ असं मुलगी रोज बजावायची. एवढ्या थंडीत? पण तिचंच बरोबर होतं. दोन माणसांचा श्वास आणि भाताची वाफ रात्रभर काचांवर साचते, पहाटे तिचा आतून बर्फ होतो. शिवाय शेगडी पेटवायची तर हवा खेळती हवीच, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड वास न येताच घात करतो. तेवढ्या फटीतून येणारा गार वारा मानेला लागला, की रजई कशाला म्हणतात ते कळतं.

आणि मग बाहेर पडायचं. या भागानं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीपासून रस्त्यावरचे दिवे झाकले, त्यांचं तोंड खाली वळवलं. २०१२ मध्ये ४,३०० चौरस किलोमीटरहून मोठा हा टापू संरक्षित काळोखाचा प्रदेश म्हणून जाहीर झाला. काळोख राखण्यासाठी माणसं चाळीस वर्षं झटतात, याचं मोल मान वर केल्याबरोबर कळलं. वृश्चिक जवळजवळ डोक्यावर, ज्येष्ठा तांबूस, आणि आकाशगंगेचा सगळ्यात दाट पट्टा माथ्यावरून सांडलेला. हा पट्टा महाराष्ट्रातूनही याच महिन्यांत रात्रभर आकाशात असतो, फक्त वर ढग असतात. दरसाल आपण ज्याच्याखाली छत्री धरून चालतो ते आकाश मी तिथं पहिल्यांदा नीट पाहिलं. अगस्त्य तर तिथं मावळतच नाही. मध्यरात्री दक्षिण क्षितिजाजवळ उतरतो आणि पहाटेला पुन्हा वर चढू लागतो.

पहाटे मुलीनं हलवून उठवलं. ईशान्येला, उगवतीच्या अंगाला, आधी त्रिकांड शोधायचं, डावीकडे सरकत रोहिणी, आणि आणखी डावीकडे तो इवलासा पुंजका. आपल्या कृत्तिका, माओरी लोकांची मातारिकी. महिनाभर सूर्याआड गेलेल्या या तारका भर हिवाळ्यात पहाटे पुन्हा दिसल्या, की माओरींचं नवं वर्ष लागतं. २०२२ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. तारीख चंद्रावरून ठरते, उतरत्या चंद्राच्या रात्री पाहून. आपल्या पंचांगात ते बहुतेक वर्षी ज्येष्ठ वद्यातले दिवस, म्हणजे पालख्यांच्या प्रस्थानाचे. २०२४ साली तर तुकोबांची पालखी देहूहून निघाली तो दिवस आणि मातारिकीचा दिवस एकच होता, २८ जून. एकाच चंद्रावर डोळा ठेवून एक समाज चिखलातून चालायला निघतो आणि एक दवात उभा राहतो. या जुळणीनं मला जे भरून आलं ते अजून ओसरलेलं नाही.

त्या पहाटे माओरी लोक वर्षभरात गेलेल्यांची नावं मोठ्यानं घेतात. जमिनीतल्या भट्टीत शिजवलेल्या अन्नाची वाफ ताऱ्यांना अर्पण करतात. मी आत्याचं नाव घेतलं. तिनंच मला लहानपणी गच्चीवरून कृत्तिका दाखवल्या होत्या. चहाचं पातेलं मुलीनं दाराशी आणून झाकण काढलं.

पुढचा मुक्काम आओराकीच्या पायथ्याशी. डोंगर ३,७२४ मीटर उंच. तिथले न्गाई ताहू माओरी सांगतात, आकाशाची मुलं होडीतून आली, होडी अडकली, आणि दक्षिणेचा गोठवणारा वारा लागून ती मुलं तिथंच दगड झाली. थोरला तो आओराकी. १९९८ मध्ये कायद्यानं हे नाव इंग्रजी नावाच्या आधी लागलं. रात्री समोरच्या सेफ्टन शिखरावरून बर्फाचे कडे कोसळत होते. प्रत्येक गडगडाटाला मला पाऊस आल्याचाच भास व्हायचा.

‘‘उद्या लिंडिस खिंड ओलांडू या का? चाकांच्या साखळ्या काढून ठेवू?’’ मुलीनं विचारलं.

‘‘परवा निघू. तांदूळ आहेत, डिझेल आहे, आणि रात्र पंधरा तासांची आहे. तू तेवढं पाणी भरून आण.’’